स्वित्झर्लंड आणि आमची चावडी

आमच्या घरातल्या नव्या पोरांना स्वित्झर्लंड म्हटलं की सिनेमातली गाणी आठवतात. बर्फात पातळ साडी नेसून नाचणारी नटी आणि तिच्यामागे स्वेटर घालून धावणारा नट. मला मात्र त्या देशाचं नाव काढलं की आधी शेंगोळ्यांच्या फोडणीचा वास येतो, मग मायच्या बांगड्या वाजतात आणि शेवटी आमच्या गावची चावडी डोळ्यांपुढे येऊन बसते. पोरं हसतात. "आजी, तुझं काहीतरीच असतं," म्हणतात. हसू देत. मी जन्मभर जालन्याच्या शाळेत भूगोल शिकवला, आल्प्सचा नकाशा फळ्यावर न बघता काढला, पण त्या देशाची खरी ओळख मला चुलीपुढेच झाली. ती कशी झाली ते एकदा लिहून ठेवायचंच होतं.

हसनाबादच्या पुढे, ओढा ओलांडला की आमचं गाव. घर मोठं, माणसं त्याहून जास्त. सकाळी जात्याची घरघर, मग भाकऱ्या थापल्याचा आवाज, मग आबांचं खाकरणं, या क्रमानं आमचा दिवस उजाडायचा. आबा म्हणजे माझे मोठे काका. घरचे कर्ते आणि गावचे सरपंच. त्यांच्याआधी कुणी सरपंच होतं हे मला पुष्कळ मोठी होईपर्यंत ठाऊक नव्हतं. मी समजत होते की सरपंच हे त्यांचं आडनावच आहे. माझे वडील, ज्यांना आम्ही दादा म्हणायचो, ते आबांचे धाकटे भाऊ. आबा बोलायचे आणि दादा मान हलवायचे. मायला तर आबांपुढे मान हलवायचीही सोय नव्हती. जेठ, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, समोर आले की पदर नाकापर्यंत ओढायचा आणि भिंतीकडे तोंड करायचं. सांगायचं असेल ते मोठीमायला, म्हणजे आबांच्या बायकोला सांगायचं आणि मोठीमाय ते पुढे पोचवायची. एकाच घरात, एकाच चुलीचं खाऊन, माय आबांशी माझ्या देखत एक शब्द बोललेली नव्हती.

आणखी एक रीत होती, ती आजच्या मुलींना सांगितली तर खोटी वाटते. गावातली कुठलीही बाई चावडीवरून जाताना पायातल्या चपला काढून हातात घ्यायची. चावडीवर माणसं बसलेली असोत नसोत, उन्हानं फुफाटा पेटलेला असो नसो. मारुतीच्या पारापाशी वळण आलं की बाया चालता चालताच वाकायच्या, चपला उचलायच्या, पदराआड धरायच्या आणि खाली बघत पुढे जायच्या. चावडी ओलांडली की पुन्हा पायात. कुणी सांगावं लागत नसे. डोळ्याला पापणी असते तशी ती सवय आमच्या बायांच्या अंगात होती.

फक्त गयाबाई तसं करत नसे. गयाबाई बौद्धवाड्यातली, मायच्या वयाची, आमच्या रानात कापूस वेचायला यायची. तिच्या सासऱ्यांना एके काळी याच चावडीवरून चपला डोक्यावर घेऊन जावं लागायचं. दीक्षा घेतल्यावर त्यांनी ते सोडलं, आणि नुसतं सोडलं नाही, तर घरातल्या सुनांनाही सांगून ठेवलं. गयाबाई पारावरून फटक फटक चपला वाजवत जायची. एकदा वेचणीला तिनं मायला विचारलंही. "आमाला तर मारून मुटकून काढायला लावत व्हते, तरी आमी सोडलं. तुमी कुणी न मारता काहून धरून बसल्या?" माय बोंडातला कापूस ओढत राहिली.

मी तेव्हा सातवीत. सोनवणे सर आम्हाला भूगोल आणि नागरिकशास्त्र दोन्ही शिकवायचे. अंबडचे होते, शनिवारी एस.टी.नं घरी जायचे आणि सोमवारी सकाळी धुळीनं पांढरे होऊन परत यायचे. त्यांचा जीव स्वित्झर्लंडवर. का ते देव जाणे. त्या देशाचा धडा आला की माणूस बदलायचा. "चारी बाजूंनी दुसऱ्याची जमीन, समुद्राचा एक थेंब नाही, अर्धा देश नुसता डोंगर. भाषा चार. आणि तरी बघा कसे सुखानं राहतात." मग त्यांनी तिथलं सरकार सांगितलं. एक राजा नाही, एक मोठा पुढारी नाही. सात जणांचं मंडळ, आणि दरसाल पाळीपाळीनं त्यातला एक जण अध्यक्ष. त्यावर मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, "म्हंजी सरपंच दरसाल बदलतो व्हय सर?" सगळा वर्ग माझ्याकडे बघून हसला. मीही हसले, पण घरी हे कुणी सांगू नये म्हणून मनातून घाबरले.

सर पुढे म्हणाले, तिथल्या एका डोंगराळ जिल्ह्यात तर मतपेटीच नाही. वसंतात सगळं गाव उघड्या मैदानात जमतं आणि हात वर करून कारभार ठरवतं. कमरेला तलवार लावून येतात माणसं. ती तलवार हाच मतदार असल्याचा पुरावा. "याला म्हणतात लोकशाही! लपवाछपवी नाही. हात वर, निर्णय पक्का."

संध्याकाळी मी चुलीपुढे बसून धडा मोठ्यानं म्हणत होते. माय शेंगोळे वळत होती. हुलग्याच्या पिठाची बोटाएवढी वळी करायची, टोकं जुळवायची आणि उकळत्या पाण्यात सोडायची. लसणाची फोडणी नाकात शिरत होती. माय अक्षर ओळखत नव्हती, पण माझा अभ्यास ती रोज ऐकायची आणि मधेच असं काहीतरी विचारायची की पुस्तक बंद करावं लागे.

"समुद्र न्हाई म्हन्ती, मंग मीठ कुठून आणत्यात?"

मी दुसऱ्या दिवशी सरांना विचारलं. सर खूश झाले. म्हणाले, डोंगरातच मिठाच्या खाणी आहेत. मायला सांगितलं तर ती म्हणाली, "चांगलंय. वरण अळणी झालं की डोंगर चाटायचा." आणि मग तो हात वर करायचा भाग ऐकल्यावर तिचे शेंगोळे वळणारे हात थांबले.

"आन् बाया कुठं उभ्या राह्यत्यात?"

मी पुस्तकात बघितलं. पुस्तकात नव्हतं. सरांना विचारलं, तर सरांनाही माहीत नव्हतं. पण त्या माणसाचं मला आजही कौतुक वाटतं. दुसरा असता तर "गप बस, परीक्षेत येत नाही" म्हणाला असता. मीही नंतर शिक्षिका झाल्यावर एकदोनदा तसं म्हटलं असेन. सर मात्र दोन-तीन शनिवार अंबडच्या वाचनालयात बसले, कुठलं तरी जाड पुस्तक धुंडाळलं आणि एका सोमवारी, टोपीवरची धूळही न झटकता, मला वर्गाबाहेर बोलावून म्हणाले, "चंद्रकला, आईला सांग. त्या जिल्ह्यात मैदानाला दोरी बांधतात. पुरुष दोरीच्या आत. बाया दोरीच्या बाहेर, नाहीतर खिडकीत. देशाच्या निवडणुकीत आता बायांना मत आहे, तेही आपल्यानंतर पुष्कळ वर्षांनी मिळालं. पण त्या मैदानात अजून नाही." त्यांचा चेहरा असा उतरला होता, जणू स्वित्झर्लंडनं त्यांनाच फसवलं होतं.

मायला मी हे सांगितलं तेव्हा ती चुलीतलं लाकूड मागं ओढत होती. ती आधी हसली. "तलवारी लावून फिरत्यात आन् बाईच्या हाताला भेत्यात?" मग थोड्या वेळानं, अगदी वेगळ्या आवाजात म्हणाली, "तुह्या सराला सांग, पेटीच बरी हाय. पेटीत मी काय टाकलं ते तुह्या बापालाबी दिसत न्हाई. हात तर समद्यायला दिसतो. जेठाला दिसतो. हात वर कराया लई दम लागतो, पोरी."

लोकशाहीवर मी पुढे किती पुस्तकं वाचली. याहून खरं कुणी लिहिलेलं मला सापडलेलं नाही.

त्याच सुमाराला गावात ती गोष्ट घडायला लागली. आमची शाळा सातवीपर्यंत. आठवीचा वर्ग मंजूर होऊन आला होता, पण खोली गावानं द्यायची होती. खोली होती. चावडीमागे ग्रामपंचायतीची, चांगली दगडी, वर पत्रे. पण आबांना तिथं गादी-तक्के टाकून बैठक करायची होती. तालुक्याहून साहेब लोक येतात, त्यांना बसायला जागा नको का? खोली मिळाली नाही तर वर्ग शेजारच्या गावाला जाणार. पोरं सायकलीवर जातील. पोरी कुठं जाणार? पोरी घरी बसणार. माझ्यासाठी तर आबांनी आष्टीचं एक स्थळ बघूनही ठेवलं होतं. मुलाकडे मोसंबीची बाग आहे, असं मोठीमाय मला सारखी सांगायची, जणू माझं लग्न मोसंबीशीच लागणार होतं. मला आठवी पाहिजे होती. बाकी मला काही कळत नव्हतं, पण आठवी पाहिजे हे पक्कं कळत होतं, आणि मी ते मायपाशी रडून, रुसून, ताट सरकवून सांगितलं होतं.

कोतवालानं दवंडी दिली. खोलीचं काय करायचं ते ग्रामसभेत ठरणार, हात वर करून. दवंडी बायांसाठी नव्हतीच. मायनं मला सरांकडे पाठवलं. विचार म्हणाली, बाईला तिथं येता येतं का. सर म्हणाले, "मतदार यादीत नाव आहे ना? मग ती सभेची सभासद आहे. कुणाच्या बापाची परवानगी लागत नाही." हे मी मायला शब्दाला शब्द सांगितलं, बापासकट. तिनं दोनदा म्हणायला लावलं.

मग वेचणीच्या ओळीत, ओढ्यावर, दळणाच्या निमित्तानं माय बायांशी बोलत राहिली. ज्यांच्या पोरी सहावी-सातवीत होत्या त्या आधी आल्या. गयाबाई म्हणाली, "मी हाये. माही लेकबी हाये तुह्या चंदीच्या वर्गात. पर तुमच्या बाया ऐन टायमाला घरी पळतेन, मला ठावं हाय." माय म्हणाली, "पळतेन त्या पळतेन. मी न्हाई पळत." दादांना तिनं रात्री काय सांगितलं मला माहीत नाही. सकाळी दादा भाकरी खाताना कुणाकडेच बघत नव्हते.

सभा दुपारची होती. चावडीपुढे सतरंज्या, त्यावर पुरुष. ओट्यावर आबा आणि ग्रामसेवक. मी आणि वर्गातल्या पोरी लिंबाच्या झाडाखाली उभ्या. सगळी जमवाजमव झाली आणि पाराच्या वळणावरून बाया आल्या. पदर डोक्यावर, मान खाली, एकीमागे एक. चावडीवरचं बोलणं बंद पडलं. बाया सतरंजीच्या कडेला, बरोबर कडेला येऊन थांबल्या. तिथं दोरी नव्हती, पण एकीनंही पाऊल पुढे टाकलं नाही. सरांनी सांगितलेली ती दोरी मी तेव्हा डोळ्यांनी बघितली.

आबा बघत राहिले. मग ग्रामसेवकाला म्हणाले, "चालू द्या. जल्दी उरका." त्यांना वाटलं असावं, बाया तमाशा बघायला आल्यात, बघून जातील. ग्रामसेवकानं विषय वाचला. "खोली शाळेला द्यावी असं ज्यायला वाटतं, त्यायनी हात वर करा."

पुरुषांत सरांच्या ओळखीचे, काही बौद्धवाड्यातले, काही आबांवर जुना राग असलेले, असे हात वर झाले. आणि मग मायचा हात वर गेला. तिच्यामागून बाकीच्यांचे. मी टाळी वाजवणार होते, तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "अय्! बाया चपला दाखवून राह्यल्या सरपंचाला!"

खरंच होतं ते. पाराच्या वळणावर सवयीनं काढलेल्या चपला बायांच्या हातातच होत्या. भीतीनं कुणाच्या लक्षात आलं नाही. हात वर करा म्हटल्यावर त्यांनी तोच हात वर केला. मानानं काढलेल्या चपला, आणि त्याच आता सरपंचाच्या तोंडासमोर उगारलेल्या. एकटी गयाबाई रिकाम्या हाताची, कारण तिच्या चपला तिच्या पायात होत्या.

जो गोंधळ माजला! पुरुष उठून उभे राहिले. शिव्या सुरू झाल्या. बायांचे हात पटापट खाली आले, दोघी-तिघी मागे सरकल्या, एक तर रडायलाच लागली. आबांचा चेहरा काळा पडला होता. ते ग्रामसेवकाला म्हणाले, "चपलाचा हात मोजायचा न्हाई. बिलकुल न्हाई." आणि मग दादांकडे वळून, सगळ्या गावासमोर म्हणाले, "ऊठ. तुह्या बायकोला घरी ने."

दादा सतरंजीवर बसले होते. आबांनी काही सांगितलं आणि दादा उठले नाहीत असं कधी घडलं नव्हतं. दादांनी मान वर केली, मायकडे बघितलं, पुन्हा मान खाली घातली आणि बसून राहिले. हललेच नाहीत. माझे वडील फार बोलले नाहीत आयुष्यात, फार काही केलंही नाही. पण त्या दिवशी ते उठले नाहीत, आणि एवढ्यासाठी मी त्यांचं नाव मानानं घेते.

माय क्षणभर तशीच उभी होती. चपला अजून हातात. मग ती वाकली. चपला जमिनीवर ठेवल्या, चावडीसमोर, आबांच्या समोर, आणि एकेक पाय आत सरकवला. पदर डोक्यावरून ढळला होता, तो तिनं सावरला पण नाकापर्यंत ओढला नाही. सतरंजीच्या कडेवरून एक पाऊल आत टाकलं आणि रिकामा हात वर केला.

"आता मोजा, आबा. चपला जिथं पाह्यजेत तिथं हायत."

जेठाशी तिचा हा पहिला शब्द.

मग मागं फटक आवाज झाला. कुणीतरी चपला खाली टाकल्या होत्या. मग दुसरा, तिसरा. रडत होती ती बाईसुद्धा नाक पुसत पायानं चप्पल शोधत होती. गयाबाई मोठ्यानं हसली, तिचं ते हसणं अजून कानात आहे. बायांचे हात वर गेले आणि यावेळी खाली आले नाहीत. ग्रामसेवकानं आबांकडे बघितलं. सोनवणे सर कोपऱ्यातून शांतपणे म्हणाले, "मोजा साहेब. कायदा आहे." त्यानं मोजलं. मग विरोधातले मोजले. मग पुन्हा आमचे मोजले, कारण त्याचा स्वतःवर विश्वास बसत नव्हता. खोली शाळेला गेली.

याची किंमत पडली नाही असं नाही. त्याच आठवड्यात आमची चूल वेगळी झाली. आबा मायशी बोलणं सोडा, ती असेल त्या दारानं जाईनात. मोठीमायनं सभेत हात वर केला नव्हता, ती आलीच नव्हती. पण चूल वेगळी झाली त्या रात्री तिनं पाठीमागच्या दारानं माझ्यासाठी शेंगोळ्यांची वाटी आणली आणि आल्या दारानं निघून गेली. आष्टीच्या मोसंबीवाल्यांनी असल्या घरची पोरगी नको म्हणून कळवलं. माय म्हणाली, "लई बेस झालं." मला पुष्कळ जण विचारतात, घर फुटलं त्याचं वाईट वाटत नाही का. नाही वाटत. जे घर बाईच्या एका हातानं फुटतं, ते आधीच तडकलेलं असतं.

पुढे मी नोकरीला लागले होते तेव्हा पेपरात एक छोटी बातमी वाचली. त्या स्विस डोंगरातल्या जिल्ह्यात अखेर बायांना मैदानात हात वर करायचा हक्क मिळाला. तोही पुरुषांनी दिला नाही. त्यांनी हात वर करून पुन्हा नकोच म्हटलं होतं. शेवटी कोर्टानं सांगितलं तेव्हा दोरी उघडली. सुट्टीत गावी गेल्यावर मी ती बातमी मायला वाचून दाखवली. ती म्हातारी झाली होती, ओसरीवर शेंगा फोडत बसली होती. सगळं ऐकून म्हणाली, "लईच उशीर केला बायांनी. चपला न्हाईत व्हय त्यायच्याकडं?"

पण मला सांगायचं आहे ते आठवीच्या पहिल्या दिवसाचं. माझ्याकडे चपला नव्हत्याच, पोरींना कोण घेतं? मायनं सकाळी स्वतःच्या चपला काढून माझ्यापुढे ठेवल्या. त्या माझ्या पायाला चांगल्याच मोठ्या होत्या. "तू कशी जाशील रानात?" मी विचारलं. "माह्या पायाला सवय हाय," ती म्हणाली, "आन् चावडी तुला ओलांडायची हाय, मला न्हाई."

पारापाशी वळले. ओट्यावर आबा बसले होते, एकटेच, सुपारी कातरत. माझं शरीर आपोआप वाकायला लागलं, हात खाली जायला लागला. तेवढ्यात आबांनी मान वर करून बघितलं. माझ्याकडे नाही, माझ्या पायांकडे.

मी ताठ झाले. आणि मग त्या मोठ्या चपला जितक्या जोरात वाजतील तितक्या जोरात वाजवत, फटक फटक करत, आबांच्या समोरून वर्गात गेले.